ठाण्याचे बंदर नेमके कुठे होते?

सव्वानऊची_लोकल (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमची गाडी ठाणे आणि कळवा यांच्या मधोमध, बरोबर खाडीच्या पुलावर, पंचवीस मिनिटे उभी राहिली. सकाळचे साडेनऊ वाजत आले होते आणि पूर्ण ओहोटी होती. दारात उभा असल्यामुळे खाली बघण्यावाचून मला दुसरे काम नव्हते. मध्ये पाण्याची एक अरुंद पट्टी उरली होती, दोन्ही अंगांना काळा चिखल चमकत होता आणि एक बाई गुडघाभर चिखलात वाकून टोपलीत काहीतरी वेचत होती. शेजारी उभा असलेला कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "याला खाडी म्हणतात? हा तर नाला आहे." मी त्याला सांगितले की सातशे वर्षांपूर्वी इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझहून निघालेली जहाजे येथे लागत असत. तो मोठ्याने हसला. गाडी सुटली, मी घाटकोपरला उतरलो, पण ते हसणे काही डोक्यातून जाईना. खरे सांगायचे तर त्याला देण्यासाठी माझ्याजवळ उत्तरच नव्हते.

ठाणे हे बंदर होते, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. शिलाहारांच्या लेखांतले श्रीस्थानक, पोर्तुगीजांचा कसबा, मराठ्यांनी १७३७ साली आणि इंग्रजांनी १७७४ साली जिंकून घेतलेला किल्ला, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेल्या पहिल्या गाडीचे शेवटचे स्थानक, ही माहिती कोणीही ठाणेकर झोपेतून उठवला तरी सांगेल. परंतु बंदर म्हटले की धक्का हवा, जहाज बांधायचा खुंट हवा, जकातीची चौकी हवी, माल ठेवायची वखार हवी. मी ठाण्यात जन्मलो, येथेच वाढलो, आणि यांपैकी एकाही गोष्टीवर मला बोट ठेवता येत नाही. आपण आपल्या शहराला तलावांचे शहर म्हणतो आणि खाडीकडे पाठ करून तलावपाळीवर भेळ खातो.

म्हणून जाणकारांना विचारतो. जहाजे नेमकी कुठे लागत होती? त्या बंदराची म्हणून दाखवता येईल अशी एखादी खूण आज उरली आहे का? आणि एवढे मोठे बंदर नाहीसे झाले ते कशामुळे? ऐकीव दंतकथांपेक्षा आधार असलेली माहिती मिळाली तर अधिक आनंद होईल.

निवटी

धागा वाचून बरे वाटले, कारण आमच्या घरात हा विषय वारंवार निघतो. मी चेंदणी कोळीवाड्यातली आहे. आपल्या पुलाखालची ती बाई बहुधा शिवल्या वेचत असावी. निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, पकडणे हे वेगळे काम आहे, त्यासाठी हात चपळ लागतो, आणि माझे नाव त्यांच्यावरूनच घेतले आहे.

एक विचारते. ज्या दिवशी गाडी थांबली, त्या दिवशी चतुर्थी होती का?

सव्वानऊची_लोकल

निवटीताई, आता मात्र कमाल झाली! त्या दिवशी संकष्टी होती. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, म्हणून पक्के लक्षात आहे. आपण हे कसे ओळखले?

निवटी

यात चमत्कार काही नाही. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती पूर्ण. त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याचे झाले. ठाणे खाडीच्या आत खोलवर असल्यामुळे येथे पाणी थोडे उशिरा फिरते. आपण साडेनऊची ओहोटी सांगितली, म्हणून चतुर्थी धरली. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी, हे तर आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, होते. घड्याळ त्यांनी कधी वापरले नाही, पण दिनदर्शिका उशाशी असे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपण बघितलात तो चिखल पूर्ण भरतीला, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, दिसतसुद्धा नाही. आजोबांच्या लहानपणी मिठाचे आणि कौलांचे मचवे, म्हणजे मालवाहू होड्या, उधाणाच्या भरतीबरोबर आत येत, पाणी ओसरले की चिखलावर टेकत, माणसे फळ्या टाकून माल उतरवत आणि पुढच्या भरतीला मचवा रिकामा होऊन निघून जाई. धक्का लागतो कुणाला? पाण्यानेच बोट वर आणून ठेवायची आणि पाण्यानेच परत न्यायची. आमच्याकडे अजूनही 'चेंदणी बंदर' असाच शब्द आहे, आणि तिथे आपल्याला हवा तसा दगडी धक्का शोधायला गेलात तर निराश व्हाल.

मोडीवाचक

निवटीताईंनी फार मोलाची गोष्ट सांगितली आहे आणि ती जुन्या साधनांशी नेमकी जुळते. धागाकर्त्यांनी आधार मागितला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सर्वांत ठोस पुरावा शिलाहारांच्या ताम्रपटांत आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६, म्हणजे इ.स. १०९४-९५चा ताम्रपट खारेपाटण येथे मिळाला. बलिपत्तनच्या भाभण श्रेष्ठी आणि धणम श्रेष्ठी या दोघा भावांच्या जहाजांना त्याने जकात माफ केली आहे, आणि ती कोणकोणत्या बंदरांत माफ आहे याची यादीही दिली आहे. त्या यादीत स्थानक, शूर्पारक आणि चेमुल्य, म्हणजे आपले ठाणे, सोपारा आणि चौल, ही नावे आहेत. हा सरकारी कागद आहे, त्यात कवीची अतिशयोक्ती नाही. जकात माफ करावी लागली, याचा अर्थ एरवी ती वसूल होत होती आणि वसूल करणारी यंत्रणा ठाण्यात बसलेली होती.

दुसरा ताम्रपट तर ठाण्याच्या पोटातूनच निघाला. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायाचे खोदकाम चालू असताना अरिकेसरी या शिलाहार राजाचा शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७चा पट सापडला आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्या ग्रंथखंडात त्याचे भाषांतर छापून आले. शिलाहारांच्या इतिहासाचा अभ्यास सुरू झाला तो या पटापासून, म्हणजे ठाण्याच्या मातीतूनच सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. त्याच घराण्यातल्या मुम्मुणी राजाच्या काळात, शके ९८२मध्ये, अंबरनाथचे देऊळ पूर्ण झाले. ते देऊळ बघितले म्हणजे त्या राज्याकडे पैसा किती होता याचा अंदाज येतो, आणि त्या पैशातला मोठा वाटा समुद्राचा होता.

परक्यांनी काय लिहिले तेही पाहावे. बलाझुरी या अरब इतिहासकाराने इ.स. ६३६च्या सुमारास बहरैन आणि ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवल्याची नोंद केली आहे, आणि परवानगीवाचून माणसे समुद्रावर धाडली म्हणून खलिफा उमर नाराज झाल्याचेही लिहिले आहे. अकराव्या शतकात अल्बेरुणी ठाण्याला कोकणची राजधानी म्हणतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो सांगतो की येथून उत्तम कमावलेले चामडे, सुती कापड आणि तपकिरी रंगाचा धूप बाहेर जातो आणि सोने, चांदी, तांबे आत येते. त्याने येथल्या राजावर एक आरोपही केला आहे. समुद्रावरच्या चाच्यांशी राजाचा करार होता, आणि लुटीतले सगळे घोडे राजाला द्यायचे असे ठरले होते, असे तो लिहितो. अरबस्तान आणि इराणमधून येणाऱ्या घोड्यांना तेव्हा सोन्याचा भाव होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा करार पटतो. आपल्या घोडबंदरचे नावही अरबांशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरूनच आले असे सांगतात.

माझ्या मते सर्वांत बोलकी साक्ष ओडोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन साधूची आहे. तो इ.स. १३२२च्या सुमारास होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला पोचला. ज्या जहाजातून तो आला, त्यात लोखंडाचा एक खिळाही नव्हता आणि फळ्या दोराने शिवलेल्या होत्या, याचे त्याला फार नवल वाटले. ठाण्याबद्दल त्याने आणखी एक नवल नोंदवले आहे. येथे कुत्र्यांएवढे उंदीर असतात, मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, म्हणून ते मारायला कुत्री ठेवतात! ज्यांनी बाजारपेठेत रात्री उशिरा घूस पळताना बघितली आहे, त्यांना हा साधू खोटे बोलत नव्हता याची खात्री पटेल.

भटकी_जमात

मोडीवाचक, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. ओडोरिक ठाण्यात कशासाठी आला होता? धर्मप्रसारासाठी का?

मोडीवाचक

तो चीनकडे निघाला होता, परंतु ठाण्यात त्याचे एक काम होते. त्याच्या आधी, एप्रिल १३२१मध्ये, त्याच्याच पंथाच्या चार साधूंना ठाण्यात ठार मारण्यात आले होते. तोलेंतिनोचा थॉमस हा त्यांच्यातला प्रमुख. त्यांना खरे तर केरळातल्या कोल्लमला जायचे होते, पण जहाजाने त्यांना येथे आणून सोडले. ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले. पुढे काजीसमोर त्यांची जबानी झाली, धर्मावर वाद झाला आणि त्याचा शेवट त्यांच्या हत्येत झाला. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन साधू जॉर्डानस त्या वेळी दुसरीकडे होता, म्हणून वाचला. त्याने त्यांचे दफन केले आणि युरोपात पत्रे पाठवली. नंतर ओडोरिकने त्या अस्थी उकरून आपल्याबरोबर चीनपर्यंत नेल्या.

या प्रसंगाकडे मी बंदराचा पुरावा म्हणूनही पाहतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी एकाच गावात नेस्टोरियन ख्रिस्ती, मुसलमान काजी, दिल्लीच्या सुलतानाचा अंमलदार, हिंदू रहिवासी आणि इटलीहून भरकटलेले साधू एकत्र सापडतात, असे गाव बंदरच असू शकते.

जलमापक

पाटबंधारे आणि खारभूमीच्या कामात माझी नोकरी गेली. इतिहास हा माझा विषय नाही, पण पाणी आहे. म्हणून तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे बंदर का बुजले याबद्दल, चार गोष्टी लिहितो.

ठाण्याची खाडी ही साधी खाडी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. सुमारे २६ किलोमीटरची ही खाडी दक्षिणेला मुंबईच्या बंदरात रुंद तोंडाने उघडते, आणि उत्तरेला एका अरुंद वाटेने उल्हास नदीला मिळते. उल्हास पुढे घोडबंदरावरून वसईजवळ समुद्राला जाते. म्हणून साष्टी हे बेट ठरते आणि ठाणे त्या बेटाच्या ईशान्य कोपऱ्यावर, सर्वांत अरुंद जागी बसले आहे. जुन्या काळातल्या नाखव्याच्या दृष्टीने ही जागा उत्तम होती. दोन बाजूंनी येता येत होते, पावसाळ्यातला खवळलेला समुद्र येथे पोचत नव्हता, गोडे पाणी मुबलक होते, आणि घाटावरचा माल कल्याणपर्यंत आला की पुढे पाण्यावरून उतरत होता.

तीच जागा गाळाच्या दृष्टीने मात्र सर्वांत वाईट आहे. भरतीचे पाणी दोन्ही तोंडांनी आत येते आणि मध्ये एकमेकांना भेटते. जेथे दोन प्रवाह समोरासमोर येतात तेथे वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की पाण्यातला गाळ खाली बसतो. त्यात उल्हास दर पावसाळ्यात घाटाची माती आणून ओतते. हे हजारो वर्षे चालू आहे, तरीही वाट उघडी राहत होती, कारण ओहोटीला आतले पाणी जोराने बाहेर पडताना तळ धुऊन नेत असे. ही धुण्याची ताकद भरतीला किती पाणी आत शिरते यावर अवलंबून असते. आपण गेल्या काही शतकांत काय केले? खाजणांना, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनींना, बांध घालून भातशेती केली, मिठागरे केली, नंतर भराव घालून रस्ते, वसाहती आणि कारखाने उभारले. पाणी पसरायची जागा जितकी कमी झाली तितके आत येणारे पाणी कमी झाले आणि तितकी धुण्याची ताकद कमी झाली. खाडीचे हे दुखणे एका दिवसाचे नाही, पण बांध घालणाऱ्या प्रत्येक पिढीचा त्याला हातभार लागला आहे. माझ्या पिढीचाही लागला, हे कबूल करतो.

ओडोरिकच्या शिवलेल्या जहाजाबद्दल वाचून मला फार आनंद झाला. खिळ्यांनी जोडलेले कडक जहाज चिखलावर टेकले तर वजनाने त्याचे सांधे उघडतात. दोराने शिवलेल्या फळ्या थोड्या हलतात, वाकतात आणि धक्का सोसतात. म्हणजे ते जहाज भरती-ओहोटीच्या चिखलासाठीच योग्य होते. पुढे युरोपीय बांधणीची खोल तळाची जहाजे आली, त्यांना बारा महिने चोवीस तास खोल पाणी हवे होते. ते मुंबईच्या बंदरात होते, ठाण्यात नव्हते. धागाकर्ते ज्याला नाला म्हणून हसणाऱ्या मुलाची गोष्ट सांगतात, तो चिखल हेच ठाण्याचे बंदर होते, असे माझे मत आहे.

सव्वानऊची_लोकल

जलमापककाका, शेवटचे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो. मी धक्का शोधत होतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ बंदरावरूनच जात होतो.

ऐरोलीकर

काकांचे म्हणणे मान्य आहे, पण सगळा दोष गाळावर टाकू नये. पोर्तुगीजांना गुजरातच्या बहादुरशहाकडून डिसेंबर १५३४च्या तहाने वसईचा मुलूख मिळाला आणि त्यांनी उत्तरेकडची राजधानी वसईला केली. त्या दिवसापासून ठाणे दुय्यम झाले. कापड विणणारे ठाण्यात राहिले, परंतु किल्लेदार आणि मोठी जहाजे वसईला गेली. पुढे इंग्रजांनी मुंबई वाढवली. म्हणजे ठाण्याला दोन्ही तोंडांशी एकेक सवत मिळाली! गाळ नसता तरीही ठाण्याचे बंदर मागे पडलेच असते.

मोडीवाचक

ऐरोलीकर, दिशा बरोबर आहे, परंतु 'त्या दिवसापासून' हे मला पटत नाही. व्यापारात मागे पडलेल्या ठाण्याचे लष्करी महत्त्व उलट वाढत गेले. साष्टीत शिरायचे असेल तर खाडी उतरण्याची सोयीची जागा ठाणे हीच होती. म्हणूनच पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास येथे नवा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, मार्च १७३७मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांची फौज खाडी ओलांडून आली आणि किल्ला पडला. वाटा आणि उतार ठाऊक असलेल्या अणजूरच्या गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांचे या मोहिमेतले काम विसरू नये. अणजूर भिवंडीजवळ आहे, खाडी त्यांच्या दारातलीच म्हणायची. १७३८च्या अखेरीस पेद्रो द मेलो हा पोर्तुगीज सेनानी गलबते घेऊन ठाणे परत घ्यायला आला आणि तोफेचा गोळा लागून येथेच मारला गेला.

डिसेंबर १७७४मध्ये इंग्रजांनी हल्ला केला तोही याच कारणाने. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत आहे अशी बातमी मुंबईला पोचली होती, आणि त्यांच्याआधी आपण घ्यावे असे इंग्रजांनी ठरवले. त्या लढाईत इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन जखमी होऊन मेला. १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली, आणि मग ठाण्याच्या किल्ल्याला शत्रूच उरला नाही. बिनकामाच्या किल्ल्याचे शेवटी कारागृह झाले.

टेंभीनाका

खुणांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. धक्का दिसत नसेल, पण बंदरामुळे आलेली माणसे अजून येथेच आहेत आणि त्यांची देवघरेही आहेत. टेंभी नाक्याच्या परिसरात दहा मिनिटे चालले की बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाचे १८७९ सालचे 'शआर हाशामाइम', म्हणजे स्वर्गद्वार, हे प्रार्थनास्थळ लागते. अगदी जवळच पारशांची अठराव्या शतकातली अग्यारी आहे. तलावपाळीच्या एका अंगाला कौपिनेश्वराचे देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार १७६० साली कल्याणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला, आणि तळ्याच्याच शेजारी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, ज्यावर १६६३ हे साल सांगितले जाते. किल्ल्याजवळचे इंग्रजी सेंट जेम्स चर्च १८२५चे.

आम्ही बेने इस्रायली कोकण किनाऱ्यावर घाणे चालवून तेल काढायचो. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. आमच्या घरी आजही सणाला मलिदा होतो, आणि शेजारच्या घरातून त्या दिवशी हमखास विचारणा येते. मला सांगायचे ते एवढेच की तलावपाळी आणि बंदर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मासुंदा तलावाच्या काठी जी वस्ती वाढली ती खाडीवरून आलेल्या माणसांची आणि पैशाची होती.

निवटी

टेंभीनाका, कारागृहाजवळचा महागिरी कोळीवाडा राहिला की! महागिरी हे मोठ्या मालवाहू गलबताचेही नाव आहे. त्यावरूनच वस्तीला नाव पडले, असे आमच्याकडे म्हणतात.

मोडीवाचक

निवटीताई, गलबताच्या नावाची गोष्ट खरी आहे, पण केवळ उच्चार जुळतो म्हणून व्युत्पत्ती मानण्याचा मोह आवरावा असे सुचवतो. स्थलनामांच्या बाबतीत आमच्यासारख्या लोकांनी असे करून पुष्कळ गोंधळ घालून ठेवला आहे.

निवटी

आवरते. पण आजी म्हणायची, हे खरे.

भटकी_जमात

कारागृहाचा उल्लेख आला म्हणून विचारतो, त्रिंबकजी डेंगळे पळाले ते हेच ठिकाण ना?

मोडीवाचक

होय. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला, त्या प्रकरणात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून त्याचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी यांचा ताबा घेऊन त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, त्यांना मराठी येत नव्हते. बिशप हेबर यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे एक मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करताना खिडकीखाली गाणे म्हणत असे आणि त्या गाण्यातच पळण्याचा सगळा बेत सांगितलेला होता. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी निसटले. गाण्याची कथा कितपत सजवलेली आहे हे ज्याने त्याने ठरवावे, पण निसटणे खरे आहे.

याच तुरुंगात १८४८ साली राघोजी भांगरे यांना फाशी झाली, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. पर्यटक जेथे सहज जाऊ शकत नाहीत, अशी ही ठाण्यातली सर्वांत महत्त्वाची जुनी वास्तू आहे. तिच्याकडे बाहेरून, खाडीच्या बाजूने बघावे. किल्ला पाण्यावर नजर ठेवण्यासाठी बांधला होता, हे तेव्हाच कळते.

जलमापक

रेल्वेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. पहिल्या गाडीचे चौदा डबे, चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी हे सर्वांना पाठ असते. बंदराच्या दृष्टीने खरी तारीख त्यानंतरची आहे. १ मे १८५४ला गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. कल्याणहून होडीने मुंबईला जाणाऱ्या मालाला त्या दिवशी दुसरी वाट मिळाली. पुढे १८६३ला बोरघाट आणि १८६५ला थळघाट खुला झाल्यावर घाटावरचा कापूस थेट डब्यात बसून मुंबईला जाऊ लागला, आणि ठाण्याच्या पाण्याला थांबून राहण्याइतका वेळ कुणाकडे उरला नाही. शिवाय खाडीवर पूल आला म्हणजे उंच डोलकाठीच्या गलबताला पुलाखालून जाताना अडचण होणारच. ज्या पुलावर धागाकर्त्यांची गाडी थांबली, त्याच वाटेने बंदराचा माल गेला.

मीठ मात्र बराच काळ पाण्यावर टिकले. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली ठाण्यात स्थापन करणारे वि. ल. भावे हे मिठाच्याच व्यवसायातले होते. मिठागरांच्या पैशावर मराठी ग्रंथ जमा झाले, हे मला या शहराबद्दलचे सर्वांत आवडते वाक्य वाटते.

ऐरोलीकर

आमच्या बाजूची थोडी भर घालतो. ऐरोलीपासून वाशीपर्यंतचा खाडीचा पश्चिम भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात हजारो रोहित त्याच चिखलात चोच घालून उभे असतात. खाडीच्या दक्षिणेला न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ला सुरू झाले. तेथे येणाऱ्या एकेका जहाजाचे आकारमान बघितले तर शिलाहारांची सगळी गलबते त्याच्या एका कोपऱ्यात मावतील. बंदर नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही. खोल पाण्याच्या शोधात ते खाडीच्या तोंडाशी सरकले.

निवटी

रोहित येतात त्याचा आनंद आहे, पण ते ज्या शेवाळावर जगतात त्याला पाण्यातली घाणही पोसते, असे अभ्यासक सांगतात. आमच्या जाळ्यात बोय आणि चिंबोरी कमी झाली, ती याच घाणीमुळे. पाणी कुणी घाण केले याची यादी करायला हा धागा पुरणार नाही, म्हणून थांबते.

मोडीवाचक

जाता जाता एक जागा सुचवतो, ठाण्याची नाही पण ठाण्याच्या राजाची. बोरिवलीला एकसर येथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिशिळा, आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा देवगिरीच्या महादेव यादवाने १२६५च्या सुमारास पराभव केला आणि तो समुद्रात बुडून मेला. हे वीरगळ त्याच लढाईचे असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. धागाकर्त्यांना बोट ठेवता येईल अशी खूण हवी होती. ठाण्याच्या जहाजांवर अक्षरशः बोट ठेवायचे असेल तर ते तेथे ठेवता येते.

सव्वानऊची_लोकल

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी मी चेंदणीपासून चालायला सुरुवात केली, महागिरीवरून कारागृहाच्या मागच्या अंगाला गेलो, तेथून सेंट जेम्स, टेंभी नाका आणि शेवटी तलावपाळी. वाटेत कुठेही थांबलो नाही तर हे अंतर तासाभराचेही नाही. फक्त खाडी दिसली नाही. जेथे पाणी असावे असे वाटले तेथे भिंत, गोदाम किंवा उभ्या केलेल्या रिक्षा होत्या. एका फटीतून चिखल दिसला, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. निवटीताई, मी वेळ चुकीची निवडली होती का?

निवटी

काल सप्तमी होती. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. अकराला चिखलच दिसणार!

शिवाय सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी भरती, असते, पाणी चढते तेही अर्धेच. खाडी बघायची तर येत्या पौर्णिमेला या. मुंबईला बाराच्या आसपास भरती पूर्ण होईल, आपल्याकडे अर्धा तास उशीर धरा. कोळीवाड्यात कोणालाही बंदर विचारा, दाखवतील. चांगल्या चपला मात्र घालून येऊ नका.